आमचें पुष्पक

आमच्या इन्सुली गांवाची ख्याति दुसऱ्यांच्या गाड्या थांबविण्याबद्दल आहे. मुंबईहून गोव्यास जाणारा हमरस्ता सावंतवाडी ओलांडून घाटानें खालीं उतरला आणि बांदा जवळ आला, कीं आमचा नाका लागतो. तेथें ट्रकांची रांग उभी राहते, कागद पाहिले जातात, आणि गोव्याकडून येणाऱ्या मोटारींचीं मागचीं दारें उघडून आंत बाटल्या दडविल्या आहेत कीं काय हें खात्याचीं माणसें चांचपून पाहतात. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षें, आम्ही त्या रांगेच्या कडेनें छत्री घेऊन शाळेस जात असूं. सबंध हिंदुस्थानांतील गाड्यांच्या पाट्या आम्हीं वाचल्या, आणि मुलांना राज्यांचीं नांवें शिकवितांना त्यांचा आम्हांला पुष्कळ उपयोग झाला. परंतु स्वतः गाडींत बसून कोठें जावें असें आम्हांला कधीं वाटलें नाहीं. आमच्या कुटुंबाला वाटलें असल्यास तें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

गेल्या श्रावणांत तिच्या डोळ्यांची तपासणी झाली. सुईंत दोरा ओवतांना तिला त्रास होत नव्हता, पोथी वाचतांनाही होत नव्हता. फक्त ओसरीच्या पायरीवर ती दोनदां अडखळली आणि बाजूनें आलेलें वासरूं तिला दिसलें नाहीं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आम्ही गेलों, तों डॉक्टरांनीं काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू काढून टाकतां येतो; हा त्याचा भाऊबंद नव्हे. बहुधा डोळ्याच्या आंतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरत जाते. दुखत नाहीं, खुपत नाहीं. दृष्टीची कड तेवढी बाहेरून आंत सरकत येते, आणि मधलें पुष्कळ काळ स्वच्छ दिसत असल्यामुळें माणसाला पत्ता लागत नाहीं. गेलें तें परत यावयाचें नाहीं. रोज रात्रीं थेंब घालून उरलें तें राखावयाचें.

परतीच्या बसमध्यें ती कांहीं बोलली नाहीं. रात्रीं स्वयंपाकघर आवरून आल्यावर मात्र म्हणाली, “अहो, समुद्रावर उजाडतांना मला एकदां पाहायचें आहे. नीट बसून.”

बेचाळीस वर्षांच्या संसारांत तिनें आमच्याजवळ मागितलेली ही तिसरी कीं चौथी गोष्ट. ती परुळ्याची, समुद्राची गाज ऐकत लहानाची मोठी झालेली. आमच्या घरीं आल्यापासून समुद्र दोन तासांच्या वाटेवर असूनही त्याच्या कांठीं तिनें एक रात्र काढलेली नाहीं. लग्नकार्याला सकाळच्या एस्.टी.नें जावें आणि दिवेलागणीच्या आंत परतावें, कारण घरीं नऊ माणसांचीं पानें, दोन गाई आणि आईचें सोंवळें.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचा गांवांत काजू फोडण्याचा लहानसा कारखाना आहे. काजूगर पोंचविण्याकरितां घेतलेली त्याची एक बंद मोटार जुनी होऊन मांडवाखालीं उभी होती. काकूची इच्छा कानांवर जातांच तो म्हणाला, “काका, हॉटेलांत कशाला उतरतां? घरच घेऊन जा.” त्यानें आपल्या मोबाइलवर २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें आणलेलें कारवान पर्यटनाचें धोरण आम्हांला दाखविलें. परदेशांत वृद्ध दंपती अशीं फिरतीं घरें घेऊन समुद्रकांठच्या रानांतून महिनेच्या महिने हिंडतात, हें आम्हीं वाचलें होतें. या हौसेचा आद्य प्रवर्तक म्हणून स्कॉटलंडच्या गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या डॉक्टराचें नांव घेतात. त्यानें १८८५ सालीं घोड्यांनीं ओढावयाची एक सुंदर लांकडी गाडी बांधवून घेतली, तींत बसून तो इंग्लंड-स्कॉटलंड हिंडला, आणि त्यावर त्यानें पुस्तकही लिहिलें. बैलगाडींत बिऱ्हाड घालून जत्रेस जाणाऱ्या आमच्या पूर्वजांना ही कल्पना नवी वाटली नसती. फरक इतकाच, कीं आपलीं माणसें देवाला पोंचण्यासाठीं निघत, आणि हे लोक कोठेंच न पोंचण्यासाठीं निघतात.

सावंतवाडीच्या चितारआळींत लांकडी फळें आणि खेळणीं करणारीं घराणीं आहेत. तेथल्या एका ओळखीच्या कारागिरानें फणसाच्या फळ्यांची खाट, तिच्याखालीं तीन पेट्या, आणि दाराच्या आंतल्या अंगास उघडून मांडतां येईल असा पाट एवढें बसवून दिलें. चार खुंट्या काढतांच तें सगळें उचलून बाहेर घेतां यावें, अशी आमची अट होती. नाक्याजवळ जन्म काढलेला मनुष्य कायद्यास भिऊन असतो. तीन दिवस गाडी उन्हांत उघडी टाकूनही तिचा भाजलेल्या काजूचा वास गेला नाहीं. तिचें नांव आम्हीं ‘पुष्पक’ ठेविलें. त्या नांवानें पुढें आमचीच फजिती झाली, ती यथास्थळीं येईल.

घरांत या बेताची चर्चा आठ दिवस चालली. आईचें वय एकोणनव्वद. “एवढें घर असतांना गाडींत निजायचें? लोक काय म्हणतील, घरांत भांडण झालें?” ही तिची शंका. बंधूंना आमच्या मोटार चालविण्याची धास्ती. आम्ही गाडी शिकलों तें वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, आणि घाटांत मागच्या गाड्यांना पुढें जाऊं देण्याचें औदार्य आमच्या अंगीं विशेष आहे. अखेर थोरल्या वहिनींनीं निकाल दिला. त्या फारशा बोलत नाहींत. पोहे, मेतकूट, आमसुलें आणि लिंबाचें लोणचें यांच्या बरण्या पेटींत लावतां लावतां त्या म्हणाल्या, “चूल मी बघतें. तिला जाऊं द्या. माझे गुडघे गेले तेव्हां मला कोणी विचारलें नव्हतें, तुला आधीं कोठें जायचें आहे का म्हणून.” यावर ओसरीवर कोणी कांहीं बोललें नाहीं.

प्रातर्विधीची व्यवस्था काय, हें विचारावयास शिष्ट लोक संकोचतात, परंतु प्रत्येकाच्या मनांत प्रश्न तोच असतो. म्हणून सांगून टाकतों. आमच्या पुष्पकांत ती सोय नव्हती. रोज मुक्कामासाठीं आम्ही एखाद्या घरगुती खाणावळीचें किंवा ओळखीच्या घराचें अंगण मागून घेत असूं, आणि अंगण मागितल्यावर नाहीं म्हणणारा मनुष्य आम्हांला सहा रात्रींत भेटला नाहीं. उलट, “आंत खोली मोकळी आहे, गाडींत कां निजतां?” याचें उत्तर देतां देतां आमचा जीव मेटाकुटीस येई.

महाशिवरात्र झाल्यावर चौथ्या दिवशीं निघालों. सावंतवाडी आणि कुडाळ मागें टाकून नेरूरपारचा पूल ओलांडला, कीं रस्ता झाडींत शिरतो. ऐन, किंजळ, आंबा, फणस, मधूनमधून काजूच्या बागा. आंब्याला मोहोर, काजूला फूल, आणि कोठें कोठें हिरव्या बिया लोंबू लागलेल्या. पहिला मुक्काम धामापुरास. तेथील तलाव १५३० सालचा. विजयनगरच्या अमलांतील नागेश देसाई नांवाच्या मांडलिकानें तो बांधविला. दोन टेकड्यांमधली वाट बांधानें अडवून पाणी सांठविलेलें आहे आणि रान थेट त्या पाण्यापर्यंत उतरलेलें आहे. कांठावर भगवतीचें देऊळ. २०२० सालीं सिंचनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानें या तलावाची गणना जगांतील वारसा ठरलेल्या जलसिंचनाच्या कामांत केली. पण गांवची शेतीबागायत त्यावर भिजत आहे ती त्याच्या आधींपासून, पांच शतकें होत आलीं. आमच्या सरकारी नळाचें पाणी पांच दिवस टिकत नाहीं, हें येथें लिहिणें अप्रस्तुत आहे, तरी लिहिलें.

रात्रीं नऊ वाजतां थेंब घालावयाचे. घरीं हें काम सूनबाई करते. येथें आम्हांला करावें लागलें. विजेरी दातांत धरली, एका हातानें पापणी खालीं ओढली, आणि पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कपाळावर. “शाळेंत शाईच्या दौती कशा भरीत होतां?” असें तिनें विचारलें तेव्हां हसण्यानें आमचा हात अधिकच हलूं लागला. तिसरा थेंब मात्र बरोबर पडला. मग ती डोळे मिटून पांच मिनिटें स्वस्थ पडून राहिली आणि आम्ही दार लोटून घेतलें. नऊ माणसांच्या घरांत बेचाळीस वर्षें काढल्यावर एका दाराआड फक्त दोघें, आणि पलीकडे कोणी खोकत नाहीं, कोणी पाणी मागत नाहीं, अशी ही पहिलीच रात्र. काय बोलावें तें आम्हांला सुचेना. रानांत कोठें तरी एक घुबड घुमत होतें. तें थांबल्यावर ती म्हणाली, “गाईंना पेंड घालायला कोणी विसरलें नाहीं ना?”

मालवणास आमच्यांतला मास्तर जागा झाला. तारकर्लीकडे पर्यटकांची एवढी दाटी, कीं आम्ही तिकडे वळलोंच नाहीं. सरळ होडींत बसून सिंधुदुर्गास गेलों. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं महाराजांनीं कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ सालीं तो पुरा झाला. पाया ओततांना शिशाचा उपयोग कसा केला, महादरवाजा शत्रूच्या दृष्टीस कां पडत नाहीं, राजाराम महाराजांनीं बांधविलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरांतील मूर्ति कशी वेगळी आहे, हें सर्व आम्हीं चौथीच्या वर्गास सांगावें तसें क्रमवार सांगितलें. ती ऐकत होती असें आम्हांला वाटलें. वळून पाहतों तों ती मागेंच राहिली होती. चोहोंकडे खारें पाणी असतांना या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. त्यांतल्या दूधबावेच्या कांठाशीं ती वांकून उभी होती. “पाणी किती खोल आहे हो,” ती म्हणाली. “येथल्या बायकांना ओढतांना हात भरून येत असतील.” चौथीच्या पुस्तकांत त्या बायका नाहींत.

परतीच्या होडींत आम्हीं तिला रघुवंशाचा तेरावा सर्ग सांगावयास घेतला. लंकेहून परततांना श्रीराम पुष्पक विमानांतून सीतामाईला खालचा समुद्र दाखवितात, मग किनारा, मग रानें, मग नद्या. समुद्राचें असें वर्णन दुसरीकडे नाहीं, असें आमच्या गुरुजींचें मत होतें आणि आमचेंही आहे. आमच्या गाडीचें नांव पुष्पक तें यावरून. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “आणि सीता काय म्हणते?”

आम्हीं जरा आठवून पाहिलें. त्या सर्गांत बोलतात ते रामच.

“म्हणजे सबंध वाटभर तेच सांगत होते? तिला काय दिसत होतें तें विचारलें नाहीं?”

एका श्लोकांत, आम्ही म्हणालों, सीता कुतूहलानें विमानाच्या खिडकींतून हात बाहेर काढते आणि ढगाला स्पर्श करते. तेव्हां वीज चमकून तिच्या हातीं जणूं दुसरें कंकण चढतें. “हें बरें आहे,” ती म्हणाली, आणि होडीच्या कडेवरून हात खालीं सोडून तिनें तो पाण्यांत धरला. धक्क्याला लागेपर्यंत आम्ही बोललों नाहीं. गुरुजींनीं आम्हांला मल्लिनाथाची टीका सबंध पढविली होती. परंतु हा प्रश्न कोणी विचारल्याचें स्मरत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं परुळें. तिचें माहेरचें घर बंद असून बंधु डोंबिवलीस असतात. मे महिन्यांत आठ दिवस दार उघडतात, तेंही आतां दोन वर्षें घडलेलें नाहीं. जातांना वाटेंत चिपीचा सडा लागला. तिच्या लहानपणीं तेथें गुरें चरत, आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्या कातळावर फुलें येत तीं वेंचावयास पोरी जात. ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं तेथें विमानतळ सुरू झाला. कुंपणाशीं गाडी थांबवून तिनें एकवार पाहिलें. “येथून आम्ही अनवाणी जात होतों,” एवढेंच म्हणाली.

घराच्या अंगणांत पुष्पक उभें केलें. कौलें एका बाजूनें खचलीं होतीं, ओटीवर पानांचा थर सांचला होता, आणि तुळशीवृंदावनांत तुळस नव्हती. किल्ली शेजारीं होती, पण तिनें ती मागितली नाहीं. आम्हांला वाटलें, आंत जाऊन तिला वाईट वाटेल म्हणून. तसें आम्ही म्हणालोंही. “वाईट कसलें? आंत अंधार आहे. मला अंधारांत आतां कडा दिसत नाहींत. बाहेरचें आहे तें पाहूं.” विहीर चांगली होती, शेजारी पाणी काढीत असल्यामुळें रहाटही फिरता होता. तिनें स्वतः कळशी ओढली, वृंदावन धुतलें, आणि शेजारून मंजिऱ्यांचें एक रोप मागून आणून लावलें. पाणी कोण घालणार, हा प्रश्न आम्हीं तोंडांतच ठेविला. संध्याकाळीं आदिनारायणाचें दर्शन घेतलें. सूर्याचीं देवळें कोंकणांत थोडीं. त्यांतलें हें परुळ्याचें. देवळांतून येतांना तिला जुन्या ओळखीच्या दोन वृद्धा भेटल्या आणि पाऊण तास त्या तिघी, कोण गेलें आणि कोण आहे, याची उजळणी करीत बसल्या. आम्ही चपला राखल्या.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचाला उठून भोगव्याच्या किनाऱ्यावर गेलों. अंधारांत तिला फार चालावें लागूं नये म्हणून आम्हीं गाडी जरा पुढें, वाळू सुरू होते तेथपर्यंत नेली. मागचें दार समुद्राकडे करून उघडलें, आणि पाय बाहेर सोडून आम्ही दोघें खाटेच्या कडेवर बसलों.

पश्चिमेच्या समुद्रावर सूर्य पाठीमागून उगवतो. त्यामुळें तेथें पाहण्याजोगें जें असेल तें संध्याकाळींच, अशी आमची आजवर समजूत होती. ती अगदीं चुकीची निघाली. आधीं कांहींच नव्हतें, नुसता आवाज. मग आकाश आणि पाणी यांत फरक पडला. किनाऱ्यामागें टेकडी असल्यामुळें आमच्या पायांखालीं अजून काळोख होता, परंतु फार दूर, जेथें पाणी संपतें असें वाटतें तेथें, उजेड पडला. तेथली एक होडी एकदम पांढरी झाली. नंतर तो उजेडाचा कांठ पाण्यावरून हळूहळू आमच्याकडे येऊं लागला. निवतीकडचे खडक उजळले. लाटांचे माथे उजळले. शेवटीं ओली वाळू, आणि मग तिच्या पायांचीं बोटें. अर्धा तास लागला असेल. या वेळीं आम्हीं एकही अक्षर काढलें नाहीं, हें प्रांजलपणें नमूद करतों. तीही बोलली नाहीं. मान मात्र ती सारखी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवीत होती. डोळ्यांच्या कडांनीं दिसेनासें झालेलें मधल्या डोळ्यानें गोळा करीत होती, हें आमच्या उशिरा लक्षांत आलें.

साडेसातला परत निघावयास गाडी सुरू केली, तों मागचीं चाकें वाळूंत रुतलीं. आम्ही जोर केला तशीं अधिक रुतलीं. पुढें फळी घातली ती मोडली. थोड्या अंतरावर रापण ओढणें चाललें होतें. वाचकांपैकीं घाटावरच्या मंडळींनीं रापण पाहिली नसेल म्हणून सांगतों: होडींतून मोठें जाळें समुद्रांत अर्धवर्तुळ करून सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात, मग दोन्ही बाजूंनीं पंधरा-वीस, वेळीं त्याहून अधिक माणसें तीं दोरटीं ओढीत एकमेकांकडे सरकत येतात. यंत्राच्या मोठ्या जाळ्यांनीं खोल पाण्यांतली मासळी आधींच उपसली जात असल्यामुळें रापणीस हल्लीं पूर्वींसारखें कांहीं लागत नाहीं, अशी या लोकांची तक्रार आहे. त्या दिवशींही जाळें जवळजवळ रिकामेंच आलें होतें. त्यांतला एक म्हातारा आमच्याकडे आला, चाकें पाहिलीं आणि म्हणाला, “मास्तरांनू, ही काय होडी आसा वाळूर ओढूक?” आम्ही मास्तर हें त्यानें कशावरून ओळखलें, तें आम्हांला अजून कळलेलें नाहीं.

त्यांनीं रापणीचा दोर सोडून आणला, पुष्पकाला बांधला, आणि दहा बाया, आठ पुरुष एका सुरांत ओढूं लागले. आम्ही चालकाच्या जागेवर. वळून पाहतों तों आमचें कुटुंब निऱ्या खोंचून दोराला लागलेलें. तीन झटक्यांत गाडी वर आली. आम्ही पैसे देऊं लागलों ते कोणी घेईना. उलट त्या म्हाताऱ्यानें टोपलींतले चार बांगडे पळसाच्या पानावर काढले आणि तिच्यापुढें धरले: “ह्यो काकीचो वाटो. दोराक हात लावलो त्येचो वाटो.” आमच्या घरांत मासळी येत नाहीं. आम्ही नम्रपणें नको म्हणण्याच्या बेतांत होतों, तों तिनें दोन्ही हात पुढें करून तें पान घेतलें. “वाटा नाकारूं नये,” ती आम्हांला हळूच म्हणाली. आणि परुळ्यास शेजारच्या घरीं, जेथून तुळशीचें रोप आणलें होतें तेथें, ते बांगडे देऊन टाकले. “आतां त्या पाणी घालतील,” असेंही वर म्हणाली. गाडींत काजूच्या जोडीला बांगड्यांचा वास दोन दिवस टिकला. आईला यांतलें कांहीं सांगावयाचें नाहीं असें ठरलें होतें. पण हें मासिक आमच्या घरीं येतें, तेव्हां आतां इलाज नाहीं.

वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांचीं पिल्लें समुद्रांत सोडतांना पाहिलीं. ऑलिव्ह रिडले जातीचीं हीं कासवें हिवाळ्यांत रात्रीं वाळूंत अंडीं घालून निघून जातात. गांवची माणसें तीं अंडीं कोल्ह्याकुत्र्यांपासून राखण्याकरितां कुंपणांत पुरून ठेवितात, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं पिल्लें वर येतात. तळहाताहून लहान पिल्लूं वाळूंतून पाण्याकडे निघालें कीं मध्यें थांबतें, दम खातें, पुन्हा निघतें. ती गुडघ्यांवर बसून एकाच पिल्लाकडे पाहत राहिली. बाकीचीं कोठें गेलीं हें तिला ठाऊक नाहीं. हें एक लाटेनें उचललेलें तिनें पाहिलें.

वेंगुर्ल्यास डचांची जुनी वखार, बंदर आणि फळसंशोधन केंद्र आहे. पुतण्यासाठीं ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जातींची चौकशी केली. हें काम तासाभराचें, आणि त्याविषयीं याहून अधिक लिहिण्यासारखें नाहीं. सुरंगीबद्दल मात्र लिहिलें पाहिजे. आसोलीच्या बाजूनें येतांना गाडीच्या कांचा खालीं होत्या. “थांबा,” ती म्हणाली. आम्हांला कांहीं दिसलें नव्हतें. “दिसायचें नाहीं. वास घ्या.” रस्त्यापासून बरेंच आंत सुरंगीचें झाड होतें, फांद्यांना चिकटून पिंवळट पांढऱ्या कळ्यांचे घोस, खालीं चादरी अंथरलेल्या, आणि शिड्यांवर चढून बायामुलें कळ्या काढीत होतीं. सकाळीं ऊन चढण्याआधीं हें काम आटोपावें लागतें. तिनें दोन वळेसार घेतले. एक केसांत माळला, एक जाऊबाईंसाठीं ओल्या फडक्यांत बांधून ठेविला. झाड किती अंतरावर होतें हें आम्हीं मागाहून पावलांनीं मोजलें: एकशें चाळीस. आरवलीस वेतोबाला केळीं वाहिलीं. तेथें भक्त देवाला मोठाल्या चपला अर्पण करितात. देव रात्रीं गांवाच्या रक्षणासाठीं हिंडतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. पायीं हिंडणाऱ्या देवापुढें आमच्या मोटारीचा आम्हांला किंचित् संकोच वाटला.

शेवटचा मुक्काम शिरोड्यास. येथील मिठागरांवर १९३० सालच्या मे महिन्यांत मिठाचा सत्याग्रह झाला. परंतु आमच्या पिढींतल्या कोंकणी मास्तराला शिरोडें म्हणजे वि. स. खांडेकर. १९२० पासून १९३८ पर्यंत ते येथील शाळेंत शिकवीत होते. कथाकादंबरीकार म्हणून त्यांचें नांव महाराष्ट्रभर झालें तें याच खेडेगांवांत राहून. आणि १९७४ सालचें ज्ञानपीठ मिळालेले ते पहिले मराठी लेखक. शाळेपुढें उभे राहून आम्ही हें सांगत होतों. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षीं त्यांच्या पुस्तकांनीं आम्हांला किती धीर दिला, तेंही सांगितलें. “आणि उत्तरायुष्यांत त्यांची...” येथें आमची जीभ अडखळली.

“थांबलांत कां?” ती म्हणाली. “दृष्टि गेली. ठाऊक आहे मला. तुम्हींच सांगितलें होतें, लग्न झालें त्या वर्षीं.”

“हो.”

“पुढें लिहीत होते ना ते?”

“दुसऱ्यांकडून लिहवून घेत.”

“मग सांगा कीं तसें.” आणि ती वळून मिठागरांच्या वाटेला लागली. संध्याकाळचें ऊन मिठाच्या वाफ्यांवर पडलें होतें. आम्ही मागून चाललों. वाटेंत बांधाची एक पायरी होती. आम्हीं सांगण्यापूर्वींच तिनें मान खालीं घालून ती पाहिली आणि बेतानें पाय टाकला.

परत येतांना आरोंद्यावरून, तेरेखोलच्या खाडीच्या कडेनें, सातार्ड्याला आणि तेथून बांद्यास आलों. पलीकडच्या तीरावर गोवा. पुढें बांद्याहून थोड्याच अंतरावर पत्रादेवी, जेथें १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या. आमचे वडील त्या दिवशीं बांद्यास होते. जखमींना आणतांना त्यांनीं पाहिलेलें ते आम्हांला लहानपणीं सांगत. तेव्हां ती सरहद्द होती. आज तेथून पर्यटकांच्या मोटारी वाजत गाजत जातात, आणि आमच्या नाक्यावर येऊन थांबतात.

आम्हीही थांबलों. छत्तीस वर्षें ज्या रांगेच्या कडेनें चाललों, त्या रांगेंत प्रथमच उभे होतों. खात्याचा तरुण मनुष्य नवीन होता. त्यानें आम्हांला ओळखलें नाहीं. बंद मोटार, आणि आंत फळ्यांची खाट, हें पाहून त्याचा संशय बळावला असावा. त्यानें पेट्या उघडविल्या. आमसुलें निघालीं, मेतकूट निघालें, ओल्या फडक्यांतली सुरंगी, देवाच्या प्रसादाचीं केळीं, आणि बरीचशी वाळू. तिसऱ्या पेटींत पत्र्याच्या डब्यांत हात घालून तो म्हणाला, “ही बाटली कसली?”

“माझी आहे,” ती म्हणाली.

त्यानें ती उजेडाकडे धरून नांव वाचलें. मग डबा जसा होता तसा बंद करून तिच्या हातीं दिला. “माझ्या आईलाही हींच आहेत,” तो म्हणाला. “नऊ वाजत आले. उशीर करूं नका.” आणि पुढचा ट्रक मागें घेववून त्यानें आम्हांला वाट करून दिली.

घरीं दिवा होता. आई जागी होती; तिनें दोघांचे चेहरे निरखून पाहिले आणि भांडण झालेलें नाहीं अशी खात्री करून घेतली. पुतण्या लगेच खाटेच्या खुंट्या काढावयास सरसावला, कारण सकाळीं त्याला गाडी हवी होती. थोरल्या वहिनी सुरंगीचा वळेसार हातांत घेऊन अंगणांत आल्या, दाराला धरून सावकाश पुष्पकांत चढल्या, आणि खाटेवर बसल्या. एक हात फळीवर दाबून त्यांनीं पाहिला. दाराबाहेर जेवढें दिसत होतें तेवढें पाहिलें.

“अजून काढूं नका रे,” त्या म्हणाल्या.